पहिल्या मापाला लाभ

माझ्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा आहे. चित्रीकरण सुरू झालं की तो पेटतो. पहिला कॅमेरा घेतला त्याच आठवड्यात मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली, आणि पुढे प्रत्येक कॅमेऱ्यावर लावत आले. दिवा दिसला की माणसं दिव्याशी बोलतात, असं माझं म्हणणं. दुसरा नियम असा, की समोरचा बोलत असताना कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं. तिसरा, माझे प्रश्न, माझा आवाज फिल्ममध्ये ठेवायचा नाही, सगळा कापून टाकायचा. या तीन नियमांचा मला भारी तोरा होता. शिबिरांमध्ये मी ते शिकवायचे आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची.

माहितीपट करते म्हटल्यावर नातेवाईक आधी विचारायचे, हिरो कोण आहे. वीस वर्षांनी आता तेही विचारत नाहीत. कॅमेरा मी, आवाज मी, प्रश्न मी, आणि नंतर नागपुरात हुडकेश्वरच्या माझ्या दोन खोल्यांत बसून कापाकापीही मीच. एकटीनं काम केलं की लोक मोकळे बोलतात, हेही मी शिबिरात सांगायचे. खरं कारण हे, की दुसऱ्या कुणाशी माझं जमत नाही. दिवसभर परक्यांची आयुष्यं ऐकायची आणि घरी येऊन आपलं कुलूप आपणच उघडायचं, यात काही खटकण्यासारखं आहे असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

बाबा कळमन्याच्या बाजारात मापाडी होते. आलेल्या धान्याचं माप करायचं आणि मोजणी मोठ्यानं, चालीत म्हणत जायची, हे त्यांचं काम. पहिल्या मापाला मापाडी कधी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन. प्रत्येकाची चाल वेगळी. काटा कोण धरून आहे ते व्यापाऱ्यांना लांबूनच कळायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे आपोआप दिसायला लागले आणि ते म्हणणं बंद पडलं. त्यावर मी फिल्म करायला घेतली. म्हातारे मापाडी शोधत सगळं नागपूर पालथं घातलं आणि सगळ्यात शेवटी बाबांकडे गेले. घर की मुर्गी दाल बराबर, असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आई गेल्यापासून बाबा कळमन्याजवळच्या आमच्या घरात एकटेच राहायचे. बोलणं मुळात कमी. मी करते त्या कामाला ते फोटो काढणं म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती आणि खुर्ची खिडकीच्या उजेडात आणून ठेवली होती. दिव्यावरची पट्टी त्यांनी लगेच हेरली.

"हा दिवा काहून झाकला वं?"

मी माझं प्रवचन दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग चालू आहे का बंद, हे तुले कसं समजते?"

"समजते बाबा. सवय आहे."

मग ते तासभर बोलले. आयुष्यात माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. मोजणी म्हणून दाखवली, पूर्ण आवाजात, एक हात हवेत धरून. मी नियमाप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत बघत होते. मी धन्य झाले होते.

घरी येऊन बघितलं तर त्यातलं काहीच नव्हतं. स्टँड नीट करताना बटण एकदा माझ्याच हातानं दाबलं गेलं होतं. बोलणं सुरू होताना मी पुन्हा दाबलं, म्हणजे चालू करतेय असं समजून बंद केलं. बोलणं संपल्यावर बंद करतेय असं समजून चालू केलं. ही चूक नवशिके करतात, आणि लाल दिवा त्यासाठीच असतो. माझ्याकडे आधीची थोडी भिंत होती आणि नंतरची अकरा मिनिटं फरशी.

बरं, ऐकलेलं आठवावं, तर तेही नाही. कॅमेरा चालू आहे म्हटल्यावर मी लक्षात ठेवायचं सोडूनच देते. आईचं काहीतरी सांगताना ते हसले होते, एवढं आठवतं. काय सांगितलं ते आठवत नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नसत.

"आला काय माहा आवाज बरोबर?"

"मस्त आला, बाबा."

"बरं झालं. गळा बसला माहा. आता पुन्हा काही इतकं होत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ते रागावले नसते. पण ज्या माणसाच्या मापाला उभ्या बाजारात कुणी बोट लावलं नाही, त्याला आपली चूक कशी सांगायची? उद्या सांगू, परवा सांगू, करता करता फिल्म तयार झाली. तोवर बाबांनी स्वतःच खटपट करून वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल मिळवला होता आणि माही पोरगी मले पडद्यावर दाखवणार आहे म्हणून अर्ध्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

ते पहिल्या रांगेत बसले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. मी मागे भिंतीला टेकून त्यांची मान बघत होते. पडद्यावर एका मापाड्याचं बोलणं संपलं की ती थोडी पुढे व्हायची, आता आपण, अशी. फिल्म संपली. दिवे लागले. शेजारचे एक काका म्हणाले, "तुमचं कुठी गेलं गा?"

"मीच म्हटलं तिले, माहं टाकू नको. घरच्या माणसाचं टाकलं त लोक नावं ठेवतात," बाबा म्हणाले.

मी त्यांना घरापर्यंत सोडलं. दारात ते म्हणाले, "चहा घेते काय?" उद्या सकाळी वाडीला शूटिंग आहे, ट्रकवाल्यांचं, असं सांगून मी निघाले. शूटिंग अकराला होतं. मला त्यांच्यासमोर बसवलं नसतं. ते त्याच हिवाळ्यात गेले. त्यांनी काय ओळखलं होतं आणि किती, हे मी विचारलं नाही, आणि सांगितलं तर नाहीच.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, तेव्हा मी ती अकरा मिनिटं पहिल्यांदा पूर्ण लावली. कॅमेरा खाटेवर आडवा पडलेला. फरशी, खुर्चीचा पाय, माझ्या चपला.

"झालं काय बंद?" बाबांचा आवाज.

"झालं, बाबा."

"एकटीच उचलते काय हे सारं?"

"हो."

"हाताखाली कोणी नाही?"

"नाही लागत, बाबा."

मग स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण वाजतं, आणि चहात साखर घालता घालता ते म्हणतात, हळू, पण अगदी त्यांच्या बाजारातल्या चालीत: "लाभ..."

नेमका तेव्हा माझा फोन वाजतो. पुढे मी बोलतेय, माईकच्या जवळ, खणखणीत. हो, हो, मिळालं, अगदी हवं तसं मिळालं. माझ्या मागे कुठेतरी दोन आहे, तीन आहे. माझा फोन संपतो तेव्हा चमचा भांड्यात फिरत असतो.

माझा आवाज काढून टाकायचे सगळे प्रकार मी करून बघितले. माझा काढला की त्यांचाही जातो. वीस वर्षं मी माझा आवाज कापत आले, हा एवढा एक कापता येत नाही.

हुडकेश्वरची ही दोन खोल्यांची जागा आता मला खायला उठते. सकाळी चहा करते. एका कपाला साखर एकच चमचा लागते. लाभ म्हणते, त्यांच्या चालीत. तेवढं मला बरोबर येतं. मग डब्याचं झाकण लावते.