पायरीवरचं ऊन

"तू बाहेर बस. पायरीवर. इथे पेशंट आहेत."

मीही पेशंटच होते. उजव्या हाताला मलम लावून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. पण डॉक्टर वहिनी बोलल्या आणि मी उठले. लगेच उठले. हेच मला अजून सलतं. कोणी ऊठ म्हटलं की आमचे पाय आधी उठतात, विचार मागून येतो.

हे लिहावं की नाही, कितीतरी दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. लिहिलं तर नीट लिहिता यायला हवं, असं वाटायचं.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, नानाखेड्याच्या त्या दवाखान्यात मी फुकट उपचार घ्यायला गेले होते. माझी आई डॉक्टर वहिनींच्या सासूबाईंकडे, म्हणजे काकूंकडे, अकरा वर्षं भांडी घासत होती. सुट्टीत मीही जायची. माझ्या बोटांवर चामखिळी आल्या. नखांच्या कडेला, अंगठ्यावर. सात. काकूंच्या नजरेला पडल्या तेव्हा त्यांनी मी घासलेला कुकर चिमट्यानं उचलून परत मोरीत टाकला.

"अगं बाई, हे पसरतं! तुमच्याकडे साबणाची सवयच नाही ना."

माझा हात तेव्हा कोपरापर्यंत त्यांच्याच साबणात होता.

मग उपकार झाला. सुनेकडे नवीन मशीन आलं होतं. चामखीळ खरवडायची, मलम लावायचं, तीन तास थांबायचं, मग लाल दिव्याखाली हात धरायचा. ते मलम उजेडानं जागं होतं आणि चामखीळ जाळतं. म्हणून दिव्याची वेळ होईपर्यंत हात अंधारात झाकून ठेवायचा असतो. हे मला नंतर कळलं.

माझ्या आधी माझ्याच वयाची एक मुलगी होती, वडिलांबरोबर आलेली. तिला वहिनींनी सगळं नीट समजावून सांगितलं. तिच्या हाताला फॉइल, वर काळं कापड, आणि सूचनांचा एक छापील कागद. माझी पाळी आली तेव्हा फॉइलचा रोल संपला होता. "बाद में लगा दूँगी," रिसेप्शनवरची ताई म्हणाली.

मी विचारलं, "मला पण तो कागद...?"

"तू क्या करेगी? इंग्लिश में है।"

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बॉटनी इंग्रजीतून वाचत होते, शेजारी डिक्शनरी ठेवून. तेवढ्यात वहिनींनी मला बाहेर बसायला सांगितलं. पायरीवर जाऊन बसले.

एप्रिल होता. अकराच्या सुमारास ऊन पायरीवर चढलं. समोर ऑटोवाले ओरडत होते, "महाकाल, महाकाल, एक सवारी!" हाताला आधी मुंग्या आल्या. मग सुया. मग निखारा मुठीत धरल्यासारखं झालं. मी हलले नाही. मला वाटलं, औषध लागू पडतंय. फुकटचं आहे, सोसायला हवं.

एक वाजता प्लास्टिक काढलं. हात सुजून दुप्पट, बोटांवर फोड. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताईनं जमिनीकडे. मग वहिनी मला म्हणाल्या, "सावलीत सरकायचं कळत नाही? तुम्हा लोकांना सांगून काही उपयोगच नसतो."

सांगितलं कोणी होतं?

तीन दिवसांनी आईला आणि मला बोलावलं. काकूही येऊन बसल्या होत्या. टेबलावर इंग्रजी फॉर्म होता.

"नियमाचा कागद आहे गं," काकू म्हणाल्या. "सही कर. पुढची मलमपट्टी पण सून फुकट करेल."

आई पुटपुटली, "कर ना बाळा."

मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. मग आईला मराठीत सांगितलं, एकेक ओळ. पेशंटला लेखी सूचना दिल्या. पेशंटला त्या समजल्या. पेशंटनं त्या पाळल्या नाहीत.

काकूंनी आईला विचारलं, मला नाही, "हिला इंग्रजी येतं?"

"बी.एस्सी.ला आहे, काकू," आई म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखी.

उजव्या हाताला पट्टी होती. मी डाव्या हातात पेन धरलं. फॉर्मखाली लिहिलं: मला सूचनांचा कागद दिला नाही. हाताला फॉइल लावलं नाही. मला उन्हात पायरीवर बसवलं. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली. खाली सही केली.

वहिनींनी कागद ओढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. काकू आईला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

परतताना देवास गेटजवळ आई थांबली. मग म्हणाली, "सही केली असतीस तर काय बिघडलं असतं?"

बॉटनीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला काप घ्यायचं ब्लेड धरता आलं नाही. वर्ष वाया गेलं. सरकारी ऑफिसात तक्रार करायला गेले तर बाबूनं विचारलं, "प्रूफ क्या है?" प्रूफ ड्रॉवरमध्ये आहे. आईला आता दोन घरं मिळाली आहेत, लांबची. सातांपैकी चार चामखिळी परत आल्या आहेत, भाजलेल्या कातडीतूनच. हात कधी साफ होईल असं मला वाटत नाही. काकूंच्या घरात कोणाला माझी आठवण येत असेल असंही वाटत नाही.

पण आता कोणी कागद पुढे केला की मी आधी खुर्ची ओढून बसते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. अडलं तर तोच शब्द परत वाचते. समोरचा म्हणतो, "जल्दी करो, औरों को भी काम है।"

मी मान वर करत नाही. थांबू दे त्याला.