गाठी चाचपणारे मामा

उंदरांना बायकोपेक्षा जास्त जीव लावणारा माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघावा! शहरातल्या एका कॅन्सर संशोधनाच्या प्रयोगशाळेत मामांनी तीस वर्षं उंदीर सांभाळले. साधेसुधे नव्हेत, माणसातलं कॅन्सरचं जनुक मुद्दाम घातलेले. त्यांतल्या माद्यांच्या स्तनांत हमखास गाठी यायच्या. दर मंगळवारी एकेकीला तळहातावर घेऊन मामा बोटांनी चाचपायचे, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गाठसुद्धा त्यांच्या हातून सुटायची नाही. रिटायर होऊन गावी आले, पण सवय कुठली जायला! बाजारात टोमॅटो डोळे मिटून चाचपायचे. भाजीवाली एकदा वैतागलीच, "काका, घ्यायचं का न्हाय? का बाळंतपण करताय त्याचं?" लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला जनुक समजावायचे, "पेशी म्हंजी यष्टी समजा. कंडक्टरनं डबल बेल दिली की निघायची. आमच्या उंदरांत एकाच्या जागी वीस कंडक्टर! सगळेच बेल देतेत, गाडी थांबंल कशी?" बिचाऱ्याची जिलेबी हातातच राहायची.

आणि अशा माणसाच्या बायकोनं, आमच्या मामीनं, स्वतःची गाठ सात महिने लाजेपोटी लपवली. कळलं तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. बार्शीला तपासणी झाली, रिपोर्टमध्ये तेच जनुक निघालं. मामा स्वतःच्या बोटांकडं बघत बसले. त्यात मामीनं हट्ट धरला, "मला सुया नगंत. व्हायचं ते हुईल." मी समजावलं, शेजारणींनी समजावलं, छे! शेवटी मामा तिच्यापुढं मांडी घालून बसले. "अगं, ही सुई आधी माझ्या उंदरांनी घेतलीय. त्यांच्या गाठी बारीक होताना म्या ह्या बोटांनी बघितल्यात. एवढं एक ऐक माझं." जन्मात त्यांचं न ऐकलेली मामी उठली आणि पिशवी भरायला लागली.

सहाव्या सलाईनला मीही सोबत होतो. गाठ निम्म्यावर आली होती. मामीचे केस गेले होते, पण जीभ शाबूत होती. मध्येच तिनं विचारलं, "अहो, त्या उंदरांतल्या ज्या बऱ्या व्हायच्या, त्यांना सोडून द्यायचे का?"

मामांनी सलाईनच्या पडत्या थेंबांकडं बघितलं. "न्हाय. मारून, कापून आतून तपासायला लागायचं. एकीलाबी न्हाय सोडलं."

मामीनं सुई नसलेला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"मग मला तरी घरी न्या."

मामांनी मान डोलावली आणि तिची पिशवी उचलून मांडीवर घेतली.