मेंदीच्या कुंपणापाशी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझं धावणं सुटलं आणि मी क्रीडा वसतिगृहाच्या खोलीत कोंडल्यासारखा झालो. धावताना वाटायचं, सगळं मागे पडलंय. थांबल्यावर कळलं, काहीच मागे पडलं नव्हतं.

खिडकीखाली रघू माळी मेंदीचं कुंपण छाटायचा. वर्षभर आम्ही फक्त झाडांबद्दल बोललो. तरी त्याची सुट्टी असली की मला खोली खायला उठायची.

एका सकाळी खाली जाऊन मी त्याला म्हणालो, "घरच्यांनी रविवारी मुलगी बघायला बोलावलंय."

त्याची कात्री थांबली. "तुम्हाला जायचंय का?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो.

त्याने मातीने माखलेला हात माझ्या हातावर ठेवला. आणि कुणी येत तर नाही ना म्हणून आम्ही दोघांनी एकाच वेळी फाटकाकडे पाहिलं.