पोत, पिको आणि मंगळवारचा हप्ता

कर्जाचं एक बरं असतं, ते फिटेपर्यंत माणसाला एकटं पडू देत नाही. कोणी ना कोणी दारात येतंच, आणि दारात माणूस आलं की किस्सा झालाच. माझ्याकडे पैसा साठला नाही, पण किस्से इतके साठले की त्यांवर व्याज मिळत असतं तर आज मीच दिग्रसात व्याजाचा धंदा केला असता.

आमचा कर्जाचा गट पाच बायांचा. शोभा, वंदना, रेखा, तांड्यावरून येणारी म्हातारी नळूबाई, आणि मी. दर मंगळवारी दहाला माझ्या ओसरीत हप्ता. नियम असा, की एकीचा हप्ता कमी पडला तर तो भरेपर्यंत पाचही जणींनी बसून राहायचं. फायनान्स कंपनीचा वसुलीचा साहेबही बसतो. मला अध्यक्ष केलं ते हिशोब येतो म्हणून नाही, तोंड मोठं आहे म्हणून. शाळा चौथीपर्यंत. पुढे गुरुजीच "आता पुरे" म्हणाले.

*

कर्ज काढलं ते साडीला फॉल-पिको करायच्या मशीनसाठी. कागदावर तसंच आहे. मशीन आली. उरलेल्या पैशात कूलर आला. नणदेच्या पोरीच्या लग्नात भारी साडी गेली. मग हप्त्याला कमी पडलं म्हणून दुसरं कर्ज काढलं, आणि तेही पुरेना तेव्हा गळ्यातली पोत सराफाकडे गहाण टाकली. त्या पोतीतले सोन्याचे दोन मणी माझ्या आईचे. सराफ म्हणाला, "पोळ्यापर्यंत सोडवा, नाही तर मोडीत काढीन."

नवरा जिनिंगात हमाल. त्याला सांगायची हिंमत नव्हती. बाजारातून दीडशे रुपयांची नकली पोत आणली आणि घातली. संध्याकाळी तो जेवता जेवता थांबला.

"पोत पॉलिश केली का वं? चांगली चमकून राह्यली."

सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या गळ्याकडे पाहून केलेली ही पहिली तारीफ. तीही दीडशे रुपयांची.

*

मुलगी बाभुळगावला दिलेली. तिला तेवढं पोतीचं सोडून सगळं सांगितलं. ती आली, वही काढली आणि माझं बजेट केलं. किराणा इतका, वीज इतकी, बाकी सगळं कर्जाला. चहा शून्य. पाहुणे शून्य. दुखणं शून्य.

मी म्हटलं, "हे बजेट जित्या माणसाचं आहे का?"

"आई, मन मारा लागते."

तिसऱ्या दिवशी जावई तिला न्यायला आले आणि दोन दिवस राहिले. कोंबडी आली, दुधाची पिशवी दुप्पट झाली. पोरगी वहीत लिहायला बसली, अन् पाहुण्यांच्या खान्यापाशी अडली. तिथं नाव तिच्याच नवऱ्याचं लिहावं लागत होतं. वही मिटली. तीच वही पुढे मला कामी आली, पण ते नंतर.

*

मग मी माझं डोकं चालवलं. आमच्याकडे लग्नात आलेला आहेर वहीत लिहून ठेवतात, आणि त्यांच्या घरी लग्न निघालं की तितकाच, वर थोडा घालून, परत करतात. म्हटलं, पोरीच्या लग्नानंतर मी किती घरी आहेर केले, ते सगळं माझं येणंच की. दुपारभर बसून यादी काढली. स्टीलचे डबे अकरा, साड्या सात, रोख वेगळे. मंगळवारी गटात ऐटीत वाचून दाखवली.

नळूबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पण बाई, तुह्या घरी आता लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही."

"मंग नवऱ्याचं दुसरं करतं का?"

शोभा म्हणाली, "मावशी, तेवढ्यानं फिटत असन तर पत्रिका आम्ही वाटतो."

*

त्याच नळूबाईनं मला शहाणपण शिकवलं. "पह्यले जे सुटतच नाही ते लिही. चहा लिही, आहेर लिही, दुखणं लिही. उरन तेवढंच वाट. अन् ज्याचं देणं आहे त्याले तेवढंच बोल."

पोरीच्या वहीतली सगळी शून्यं खोडली. मग ज्याची उधारी थकली होती त्या किराणावाल्याकडे गेले. म्हटलं, "भाऊ, महिन्याला तीनशे देईन. पाचशे म्हणीन तर खोटं बोलीन."

त्यानं माप खाली ठेवलं. "ताई, 'पुढच्या सोमवारी सगळे देतो' म्हणत होत्या, तवा मले काही वाटत नव्हतं. आता भेव वाटून राह्यलं."

तरी तीनशे जात राहिले. पाचव्या महिन्यात तोच म्हणाला, "ताई, उधारी काहून बंद केली? तेलाचा डबा नेता का?" मी पिशवी उचलून पळाले. माझा माझ्यावर अजून भरोसा नाही.

*

एका मंगळवारी शोभाचा हप्ता दोनशेनं कमी पडला. बसलो. साहेबही बसला. अकरा वाजले, साडेअकरा झाले. आत माझी डाळ करपली, आणि डाळीबरोबर मीही. शोभावर ओरडले,

"गळ्यात सोनं घालून हप्त्याले रडतं? काढ ते पोत, जाय सराफाकडं. मी तुह्या जागी असती तर कधीच मोडली असती."

शोभानं पदर गळ्यावर ओढून घेतला. पदर मीही ओढून घेतला. घामानं माझ्या पोतीचा हिरवा रंग मानेवर उतरला होता.

शेवटी नळूबाईनं कमरेच्या पिशवीतून शंभर काढले, वंदना-रेखानं पन्नास-पन्नास. मी काही दिलं नाही. माझ्या बजेटात शोभाचा खाना नव्हता.

*

पोळ्याला चार दिवस होते तेव्हा पोत सोडवण्यापुरते माझे पैसे साठले. सराफानं दोनदा मोजले आणि खण उघडला. आत दोऱ्यानं बांधलेल्या कागदाच्या पुड्या. एकेकीवरचं नाव वाचत तो बाजूला ठेवू लागला.

"शोभा... हे नाही. वंदना... नळूबाई... रेखा... हं, हे तुमचं."

पुडी सोडून मी आईचे मणी पाहिले. दोन्ही होते.

"शोभाची कधीपासून आहे?" मी विचारलं.

"तुमच्याही आधीपासून. कोणाले सांगू नका बरं, ताई."

घरी आले. खरी पोत तांदळाच्या कोठीत खोल दाबून ठेवली. मंगळवारी दीडशे रुपयांचीच घालून ओसरीत बसले. साहेब यायच्या आधीच शोभाच्या हातात दोनशे ठेवले होते, म्हटलं, "मागच्या वेळी माझे द्यायचे राह्यलेले." ती काही समजली नाही. हप्ता पुरा झाला. साहेब नोटा मोजत होता.

शोभा माझ्या गळ्याकडे पाहून म्हणाली, "मावशी, तुमची पोत लय चमकते."

"जुनं सोनं आहे," मी म्हटलं. "तुहीबी चमकते."

तिनं पदर गळ्यावरून जरा मागं सारला. "माहंबी जुनंच आहे."

"आमचंबी," बाकीच्या तिघी म्हणाल्या.