नानांचा डावा हात

सकाळी सात-सव्वासातला आईचा फोन आला. त्या दिवशी कॉलेजात बारावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल होतं आणि बाहेरून परीक्षक यायचे होते, म्हणून मी घाईत होते. आई पारोळ्याजवळच्या आमच्या गावी, मी धुळ्याला देवपुरात. एवढ्या सकाळी ती सहसा फोन करत नाही.

"बाई, तुना नानानं तोंड वाकडं दिखस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एकच बाजूनं हासस. माले बरं वाटत नही."

नाना म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. घरात आई अहिराणी बोलते, नाना शाळेतली मराठी, आणि मी दोघांच्या मधली. मी आईला म्हटलं, फोन त्यांच्याकडे दे. तिनं दिला आणि ती शेजारच्यांची गाडी मिळते का ते बघायला बाहेर गेली.

"काय झालं नाना?"

"काही नाही. तुझ्या आईला सकाळी सकाळी काहीतरी दिसतं."

आवाज नेहमीसारखा होता, स्पष्ट आणि किंचित चिडका. अर्धांगात जीभ जड होते एवढं मी वाचलं होतं. ती जड नव्हती. तरी खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "तेवीस साते?"

"एकशे एकसष्ट."

"चौदाचा वर्ग?"

"एकशे शहाण्णव. आता तू माझी परीक्षा घेणार?"

"दोन्ही हात वर करा."

"केले."

"दोन्ही?"

"दोन्ही म्हणजे दोन्ही. ठेवू का आता खाली?"

मी हसले. आई परत आल्यावर तिला समजावलं. रात्री एका कुशीवर झोपले असतील, दाढ सुजली असेल, नाहीतर पित्त असेल. पाढे बिनचूक म्हणतात, बोलणं स्वच्छ आहे, दोन्ही हात वर करतात. मेंदूला काही झालं असतं तर हे जमलं असतं का? संध्याकाळी पारोळ्याला डॉक्टरांना दाखवून ये.

आई म्हणाली, "तू शिकेल-सवरेल शे बाई. तू सांगस तं ऱ्हाऊ दे." आणि तिनं दारात आलेली गाडी परत पाठवली.

अकरा वाजून गेले असतील. मुलं लोलकाची आंदोलनं मोजत होती, परीक्षक खिडकीपाशी चहा पीत होते, तेवढ्यात फोन थरथरला. आईनं एकच वाक्य सांगितलं, "आमी निंघनूत." मागे गाडीचा आवाज होता. नंतर कळलं, न्हाणीच्या दाराशी नाना पडले होते. या वेळी तिनं मला विचारलं नव्हतं.

मी एका सहकाऱ्याच्या हाती प्रॅक्टिकल सोपवलं आणि धुळ्यातल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पारोळ्याहून धुळ्याला यायला पाऊण तास पुरतो. त्या दिवशी हायवेवर एक कंटेनर आडवा झाला होता, सव्वा तास लागला. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे मी दोन पावलं पुढे जात होते. शेवटी ती आली. नाना मागच्या सीटवर आईच्या मांडीला टेकून बसले होते आणि मला बघून म्हणाले, "अगं, तुझं प्रॅक्टिकल होतं ना आज?" बोलताना त्यांचं अर्धंच तोंड हलत होतं. आईनं सांगितलं होतं अगदी तसंच.

मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं?"

"सात वाजेच्या पहिले," आई म्हणाली.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा होऊन गेले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ निघून गेली होती. "सकाळीच आणलं असतं तर..." एवढं बोलून ते थांबले. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून नानांच्या मेंदूचा फोटो दाखवला. उजव्या बाजूला मोठा डाग होता. मी पाढ्यांची आणि हात वर करायला सांगितल्याची गोष्ट त्यांना सांगितली, कारण ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

"बोलणं आणि पाढे बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतात," ते म्हणाले. "तो अर्धा शाबूत आहे. तुम्ही नेमकं तेच तपासलंत."

"पण हात वर केले म्हणाले ते."

"खोटं नाही बोलले. त्यांना खरंच वाटलं, केले. डावा हात उजवा मेंदू चालवतो. हात उठला की नाही, ही बातमीही त्याच बाजूनं यायची. ती आलीच नाही. आणि बोलणारा मेंदू बातमी आली नाही म्हणून गप्प बसत नाही. जागा मोकळी दिसली की कारण भरतो."

माझ्या वर्गात एक तक्ता टांगलेला आहे. डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा आणि भावनेचा. दरवर्षी मुलांना तो दाखवून मी स्वतःला डाव्या मेंदूची म्हणवून घेत आले. डॉक्टरांना सांगितलं तर ते थकल्यासारखे हसले. "इतकं सरळ असतं तर आमचं काम सोपं होतं. दोन्ही अर्धे मिळूनच विचार करतात. एक अर्धा गेला की दुसऱ्याला कळतही नाही, काय गेलं ते."

घरी जाताना मोठ्या पुलावर मी गाडी थांबवली. खाली पांझरा नदी जवळजवळ कोरडी होती. कुशीवर झोपले असतील, दाढ सुजली असेल, पित्त असेल. आईनं डोळ्यांनी बघितलेलं मला सांगितलं होतं आणि मी एका मिनिटात तीन कारणं भरली होती. माझ्या मेंदूत तर कुठे गुठळीही नव्हती.

दहा दिवसांनी नानांना आणि आईला मी देवपुरातल्या माझ्या घरी आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. नवऱ्याची नोकरी नंदुरबारला, तो शनिवारी यायचा. बाकी दिवस आम्ही तिघंच.

नाना ताटातल्या उजवीकडच्या वस्तू खायचे आणि भाजी वाढलीच नाही म्हणून रागवायचे. अर्धी दाढी करून आरसा बाजूला ठेवायचे. हे सगळं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. सांगितलेलं असूनही जे सहन होत नव्हतं, ते त्यांच्या हाताचं होतं. डावा हात आपला आहे हे त्यांना मान्यच नव्हतं.

"हा बाजूला घे," ते म्हणायचे. "कोणीतरी माझ्या अंथरुणात हात ठेवून गेलंय."

एका दुपारी माझा संयम सुटला. त्यांनीच मला भूमितीची सिद्धता शिकवली होती, एका पायरीवरून दुसरीवर. मी खुर्ची ओढून समोर बसले.

"हा खांदा कोणाचा?"

"माझा."

"दंड?"

"माझा."

"कोपर? मनगट?"

"माझंच. पुढे बोल."

"मग मनगटाला जोडलेला हा पंजा?"

"तुझ्या आईचा."

"या बोटात तुमची अंगठी आहे, नाना!"

"तिला दिली असेल मी," ते शांतपणे म्हणाले. "तू मधली एक पायरी गाळतेस. ती सिद्ध कर आधी."

मी तो हात उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला आणि ओरडले, "हा तुमचा आहे! हलवून दाखवा!" त्यांनी मान उजवीकडे वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. वेड्या माणसाच्या हाती सापडल्यासारखी.

आई स्वयंपाकघरातून आली. तिनं माझ्या हातातून तो हात काढून घेतला, नानांच्या पोटावर नीट ठेवला आणि वर चादर ओढली. "कोना बी ऱ्हावो," ती म्हणाली. "पाव्हना शे आसं समज. पाव्हनाले थंडी वाजाले नको."

"पाहुणा असेल तर ठीक आहे," नाना म्हणाले.

आई रोज तो हात तेलानं चोळायची. त्याच्याशी बोलायचीसुद्धा. मला ते बघवायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना धरून उभं केलं. डाव्या पायात थोडा जोर आला होता, एवढा की धोका वाढावा. नानांना वाटायचं, आपण रोज फिरून येतो.

त्या सकाळी खाली घंटागाडी आली. आई न्हाणीत होती, नाना पलंगावर डोळे मिटून पडले होते. मी कचऱ्याची बादली घेऊन खाली धावले. दोन मिनिटंही झाली नसतील. परत येताना मधल्या वळणावर पोचले आणि वर बघितलं. नाना आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या अगदी तोंडाशी उभे होते. उजव्या हातानं कठडा धरलेला. डावा हात लोंबत होता आणि डाव्या पावलाचा अर्धा भाग पायरीबाहेर आला होता.

आमच्यामध्ये अकरा पायऱ्या होत्या.

"नाना, थांबा."

"पारोळ्याची बस लागली आहे. जाऊन येतो."

"तुमचा डावा पाय लुळा आहे. पडाल तुम्ही."

"मूर्खासारखं बोलू नकोस. कालच मी चालत दत्तमंदिरापर्यंत जाऊन आलो." आणि त्यांनी कठड्यावरची पकड पुढे सरकवली.

मी दोन पायऱ्या वर चढले, तसे तेही घाईनं पुढे झुकले. मी थांबले. धावले तर ते पाऊल टाकणार होते. ओरडले तरी टाकणार होते. पाय लुळा असल्याचे माझ्याकडे दहा पुरावे होते आणि त्या दहांपैकी एकही त्यांना त्या पायरीवर थांबवू शकत नव्हता. बादलीची कडी माझ्या बोटांत रुतत होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

"नाना," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "पाहुण्याला एकट्याला टाकून कसे निघालात?"

ते थबकले. "कोणाला?"

"तुमच्यासोबत आहे ना तो. त्याला जिना उतरता येत नाही. मी वर येऊन त्याचा हात धरते, मग तुम्ही निघा."

ते विचारात पडले. डावीकडे त्यांनी बघितलं नाही, पण पाऊलही टाकलं नाही. "लवकर ये मग," ते म्हणाले. "बस चुकेल."

मी बादली सोडली. ती आवाज करत खाली गेली आणि नानांनी दचकून कठडा घट्ट धरला. मी एकेक पायरी मोजत चढले. नऊ, दहा, अकरा. तो गार हात हातात घेतला, खांदा त्यांच्या काखेत घातला आणि त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. ओले केस तसेच सोडून आई बाहेर आली. दोघींनी मिळून त्यांना मागे ओढून खुर्चीत बसवलं.

मग मी उंबऱ्यावर बसले. आईनं पाणी आणून दिलं. त्या वेळी मी तिला म्हणाले, त्या सकाळी मी तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "हा, आयकनं जोयजे व्हतं." एवढंच. समजूत घातली नाही की दोषही पुन्हा दिला नाही. पण त्यानंतर ती माझ्याकडे बघून बोलायला लागली.

दीड महिन्यानं, तेल लावून घेताना, नाना आपला उजवा हात डाव्या हातावर ठेवून बराच वेळ बसून राहिले. बोटं चाचपली, अंगठी फिरवून बघितली. मग आयुष्यात मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलेल्या अहिराणीत आईला विचारलं, "हाऊ हात मनाच शे ना वं?"

"हा. तुमनाच शे."

ते रडले. हुंदके देऊन, लहान मुलासारखे. त्यानंतर तीन आठवडे ते धड जेवले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही सुधारणा आहे, आता त्यांना कळायला लागलंय. आई डॉक्टरांवर भडकली. "आसं ऱ्हास का बरं होनं?"

पण हळूहळू ते सावरले. आता काठी घेऊन चालतात. डावा हात तसाच आहे. डावी बाजू अजून निसटते, म्हणून वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला मी लाल रेघ ओढून देते. ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायला सुरुवात.

परवा ते घाईत होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "उद्या शहरात पाणी येणार नाही." लगेच कारणही दिलं, जलवाहिनी फुटली असणार, या दिवसांत फुटतेच. आई उठून पिंप भरायला लागली.

नाना पुढची ओळ वाचणार तोच थांबले. "जरा थांबा गं," ते म्हणाले. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि पहिल्या शब्दापासून सावकाश वाचलं, "हा निरोप खोटा, अफवा पसरवू नका: उद्या शहरात पाणी येणार नाही."

आईनं नळ बंद केला.