दारातलं पिवळं पान

टोकियोत, निशी-कसाईच्या आमच्या इमारतीत दाराबाहेरचा पॅसेज सगळ्यांचा असतो. तिथे साधी छत्री ठेवली तरी मॅनेजर येऊन सांगतो. तरीही दिवाळीच्या सकाळी मी तिथे रांगोळी काढली. स्टेशनच्या रस्त्यावरची गिंकोची झाडं पिवळी व्हायला लागली होती आणि ते पंख्यासारखं पान कधी एकदा दारात काढते, असं मला झालं होतं.

रंग भरून झाला. शाळेला निघालेली लेक जपानीत म्हणाली, "असं चालत नाही इथे." झालं! शेजारच्या आजी काठी टेकत चालतात, त्या घसरल्या तर? कोणी तक्रार केली तर? ऑफिसात फोन केला, तर नवरा म्हणाला, "राहू दे गं, छानच असेल." याला काय जातंय बोलायला! लिफ्ट वाजली की मी दाराच्या पीप-होलमधून बाहेर बघायची. शेवटी राहवेना. ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या आजी, सोबत त्यांची बहीण. सकाळी पाहिलेलं पान दाखवायला आजींनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दोघी कोऱ्या फरशीकडे बघत राहिल्या. कुठे तोंड लपवू, असं झालं मला.

तेवढ्यात मागून लेक रांगोळीचे डबे घेऊन आली आणि सरळ पॅसेजमध्ये मांडी घालून बसली.

"आई, तू पान काढ. पिवळा मी भरते."

मी चिमटीत रांगोळी घेतली. लिफ्ट वाजली. कोण आलं, ते मी बघितलं नाही.