पाणपोईची नळी

उन्हाळ्यात मध्यभारताचं सरकार ग्वाल्हेरहून इंदुरास येतं, आणि सरकार आलं की आमच्या तरुण मंडळाला समाजसेवा आठवते. कडू वाटलं तर वाटू द्या. गेल्या उन्हाळ्यात लालबागच्या रस्त्याला निंबाखाली आम्ही पाणपोई घातली. पत्रक मीच लिहिलं होतं, ‘तहानेला जात नसते’. मंडळातल्या मुलांनी ते झाडाला चिकटवलं आणि त्याच्याच खाली टिनाची नळी टांगली.

नळी कशाला ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण ते लिहिलेलं वाचायला लागलं पाहिजे. आपण या टोकाला पाणी ओतायचं. ज्याला शिवायचं नाही त्यानं चार हात लांब, त्या टोकाशी ओंजळ धरायची. बाकीच्यांना सरळ तांब्यानं.

सभेत मी उठले. म्हटलं, घटनेत अस्पृश्यता संपली, आपल्या निंबाखाली कधी संपणार? नळी काढा. अध्यक्ष जुन्या दरबारातले निवृत्त अंमलदार. ते म्हणाले, “पोरगी बरोबर बोलतेय. ठराव करून टाका.” टाळ्या पडल्या. विरोधात एकही जण बोलला नाही. त्या टाळ्यांना मी होकार समजले.

दुसऱ्या दिवशी नळी उतरली, आणि पाणपोईवर ज्याची पाळी होती त्याचं पोट दुखत होतं. पुढच्याची मावशी देवासहून आली होती. मग कोणाची परीक्षा, कोणाला ऊन बाधलेलं. विरोध केला असता तर पत्रक काढलं असतं. पोटदुखीविरुद्ध काय काढणार?

सगळ्यांच्या पाळ्यांना मीच बसले. हातोदचे गाडीवाले लांबूनच झाडाकडे बघत आणि बैल पुढं हाकत. “यहाँ तो सब एक कर दिया,” एक जण मला ऐकू येईल असं म्हणाला. रस्ता झाडणारी बाई एकदा आली. मी तांब्या पुढं केला तर मागं सरली.

“ऊपर से डाल दो, बाईजी.”

“जवळ ये ना.”

“तुम तो घर चली जाओगी. मेरे को तो इसी सड़क पे रहना है.”

नंतर तीही फिरकली नाही. भरलेली मडकी आणि मी.

मंडळाची चिटणीस माझी मैत्रीण होती, खरं तर एकुलती एक. एका दुपारी ती आली, बाकावर माझ्याशेजारी टेकली आणि कॉलेजच्या गप्पा मारत बसली. किती दिवसांनी मी हसले. मग तिला तहान लागली, आणि तिनं पिशवीतून घरची बाटली काढली.

“असं तोंड नको करूस गं. आई विचारते, बाहेर कुठं पाणी प्यालीस.”

“थाप मार.”

“आईला?” तिनं बूच लावलं. “ऐक. सोमवारपासून नळी परत लावताहेत. ठराव-बिराव काही नाही, नुसती लावायची. तू पण बस. तुझ्याशिवाय करमत नाही कुणाला.”

“नळीपाशी मी बसणार नाही.”

“मग एकटी राहशील.”

“आत्ता कोण आहे माझ्याजवळ?”

“मी आहे की,” ती म्हणाली. तिला लागलं होतं. पिशवी उचलून ती गेली.

सोमवारी नळी लागली. पोटं बरी झाली, मावश्या आपापल्या गावी गेल्या. एका मंत्र्यानं मोटार थांबवून मंडळाचं कौतुक केलं म्हणतात. मी कॉलेजला तिथूनच जात असे, रस्त्याच्या पलीकडून. मुलं हाका मारायची, “अरे आव ना भिया, थंडं आहे!” इंदुरात सगळ्यांनाच भैया म्हणतात, तसं मलाही भियाच म्हणायची, आधीसारखी. कुणाच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

मैत्रीण पाळीवर असली की तांब्या जरा उचलून दाखवायची. ऊन मी म्हणत असायचं, माझा घसा कोरडा. मी मान हलवायची आणि पुढं जायची.